कपाट विकणे आहे

१९८४ साली मी बँकेत चिकटले आणि २०२१ साली सुटले. मधली बहुतेक वर्षं कॅश काउंटरच्या जाळीमागे गेली. पितळी टोकनं गेली, लेजरं गेली, नोटा मोजायची यंत्रं आली, २०१६ च्या नोव्हेंबरात तर जुन्या पाचशे-हजारांनी बँक नाकातोंडापर्यंत भरली. पण खोटी नोट धरायचं काम शेवटपर्यंत माझ्या उजव्या अंगठ्यानंच केलं. खऱ्या नोटेवरची छपाई बोटाला किंचित उठलेली लागते. बंडल मोजताना तशी न लागणारी नोट आली की अंगठा आपला आपण थांबायचा, डोळ्यांचं काम त्यानंतर. शाखेत त्या अंगठ्याला मान होता. मॅनेजर दर तीन वर्षांनी बदलायचे, अंगठा तोच.

हे आत्मचरित्र सांगायचं कारण एवढंच, की अलीकडे घरातलं एक जुनं कपाट विकायला काढलं आणि महिनाभरात तीन जण मला फसवायला आले. तिन्ही वेळा अंगठा गप्प होता. मोबाइलच्या काचेवर सगळंच गुळगुळीत लागतं, त्यात त्याचा तरी काय दोष!

आमची कोथरूडची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली आहे. कोथरुडात हल्ली दोनच प्रकारच्या जुन्या बिल्डिंगा उरल्या आहेत: पाडायला घेतलेल्या आणि एका सभासदाची सही अडलेल्या. आमचा अडलेला सभासद दिवाळीत विरघळला आणि सगळ्यांची बांधाबांध सुरू झाली. नवा फ्लॅट मिळेपर्यंत ज्या भाड्याच्या घरात जायचंय, तिथे भिंतीभिंतीत वॉर्डरोब बसवलेले आहेत. म्हणजे आमचं लोखंडी कपाट आलं रस्त्यावर. १९८७ साली बँकेतून सणाची उचल घेऊन ते घेतलं होतं. सव्वासहा फुटी, दारावर आरसा, आत तिजोरी, तिजोरीत चोरकप्पा. चोरकप्प्यात आम्ही आजवर वीजबिलांखेरीज काही ठेवलं नाही, पण तो असल्याचा आधार वाटायचा.

"आई, भंगारवाल्याला कशाला देतेस? ॲपवर टाकू," असं म्हणून बंगळूरच्या लेकीनं व्हिडिओ कॉलवर जाहिरात लिहायला घेतली.

"वापर किती झालाय?"

"फारसा नाही."

"आई, अडतीस वर्षं!"

"रोज कुठे उघडत होतो?"

"कंडिशन?"

"उत्तम लिही."

"खालचा ड्रॉवर लाथ मारल्याशिवाय उघडत नाही."

"लाथ मारल्यावर उघडतो ना?"

डाव्या बाजूला पोचा आहे, तो फोटोत येऊ नये म्हणून ह्यांना तिथे हात टेकून उभं केलं. फोटोत हे इतके सहज उभे राहिले, की पहिल्याच दिवशी एकानं विचारलं, "काकांसकट आहे का?" किंमत टाकली ७,५००. मनात पाच हजार होते. वरचे अडीच हजार घासाघिशीला ठेवले होते. ते सगळेच ठेवतात. भाजीवालीही ठेवते आणि मुलीकडचेही ठेवतात.

हा माझा लबाडपणाच होता, हे कबूल करते. पण तो कायद्याच्या चौकटीतला लबाडपणा होता. बढतीच्या परीक्षेसाठी आम्हाला वस्तुविक्रीचा कायदा पाठ करावा लागायचा. १९३० सालचा आहे तो. त्याच्या सोळाव्या कलमाचा मथितार्थ असा, की एरवी घेणाऱ्यानं आपला माल आपण पारखून घ्यावा. विकणाऱ्यानं आपणहून पोचा दाखवत बसायची सक्ती नाही. मात्र विकणाऱ्यानं काय पारखावं, याबद्दल त्या १९३० च्या कायद्यात फारसं नाही. तेव्हा साहेबाच्या राज्यात गिऱ्हाईक निदान दारापर्यंत तरी येत असावं.

जाहिरात चढली आणि दहा मिनिटांत फोन तापला. तीसएक लोकांनी विचारलं, "अव्हेलेबल?" मी प्रत्येकाला "हो, आहे" असं उत्तर दिलं आणि त्यातले अठ्ठावीस जण तेवढ्या ज्ञानावर तृप्त होऊन कायमचे निघून गेले. त्यांना कपाट नकोच होतं. जगात अजून एक कपाट उपलब्ध आहे एवढं कळलं की त्यांना झोप लागत असावी. एकानं कपाटाच्या बदल्यात काच फुटलेला मोबाइल आणि वर गिनीपिगची जोडी देऊ केली. एकानं रात्री पावणेबाराला "लास्ट प्राईस काय?" असं विचारलं. मी म्हटलं, सात. तो म्हणाला, दोन. मी म्हटलं, झोपा.

पण खरं सांगते, हा दोन हजारवाला मला आवडला. त्याच्याशी बोलताना माहेरच्या अंगणात बसल्यासारखं वाटलं. आमच्याकडे दर महिन्याला बोहारीण यायची. जुन्या मालाच्या बाजाराचं माझं शिक्षण झालं ते तिच्या पाटीपाशी. आई साडी पुढे टाकायची आणि म्हणायची, "तीनदासुद्धा नेसले नाही गं." बोहारीण ती साडी उन्हाकडे धरायची, पलीकडचा पारिजातक त्यातून दिसायचा, आणि ती म्हणायची, "वैनी, ह्यातून तर पिठी चाळून निघंल." मग ती बादली दाखवायची, आई घंगाळ मागायची. बोहारीण पाटी डोक्यावर घेऊन फाटकापर्यंत जायची. आई घरात जायची. दोघीही परत यायच्या. "वर एक पँट टाका." "पँट मिळायची नाही, परकर घे." तासाभरानं एक स्टीलचं पातेलं आमच्या घरात यायचं, आणि दोघींच्या चेहऱ्यांवर आपण नागवले गेलो असं दुःख आणि समोरचीला नागवलं असं समाधान एकाच वेळी असायचं. दोघीही धडधडीत खोटं बोलायच्या, पण ते खोटं उन्हात धरलेल्या साडीसारखं आरपार दिसायचं. फसवणूक त्यात कुठेच नव्हती.

म्हणून ॲपवरचं पहिलं जातिवंत गिऱ्हाईक आलं तेव्हा मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. काय चुकतंय ते मात्र उमजेना.

फोन आला. "जय हिंद, मॅडम." आवाज भारदस्त. आपण फौजेत आहोत, पुण्यात नुकती बदली झाली आहे, क्वार्टरमध्ये कपाट हवं आहे. पाठोपाठ व्हॉट्सॲपवर वर्दीतला फोटो, ओळखपत्र आणि कँटीनचं कार्ड. हे कॉलेजात एनसीसीत होते. फोन स्पीकरवर होता. हे खुर्चीतून उठून उभेच राहिले.

"दाम कितना, मॅडम?"

"साडेसात हजार."

"ठीक है."

बस्स. ठीक है! ना 'जास्त होतात', ना 'बघा काहीतरी', ना 'आम्ही लांबून येणार'. पोचा आहे का विचारलं नाही, ड्रॉवर उघडतो का विचारलं नाही. आमच्या सबंध घराण्यात सांगितलेल्या किमतीला कुणी "ठीक है" म्हटल्याचं मला आठवत नाही. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे हळूच म्हणाले, "जवान माणूस आहे. त्यांच्यात घासाघीस नसते."

मग त्या जवानानं सांगितलं, की पैसे आत्ताच पाठवतो, संध्याकाळी आमची गाडी येईल. फक्त मिलिटरीच्या खात्याची पद्धत जरा निराळी असते. मी क्यूआर पाठवतो, तुम्ही स्कॅन करून पाच रुपये टाका, पिन दाबा; लगेच दुप्पट परत येतील. ती तपासणी झाली की पूर्ण रक्कम. मी काही बोलायच्या आत ह्यांनी आपल्या फोनवरून पाच रुपये पाठवलेसुद्धा. आणि खरंच, मिनिटभरात दहा आले! ह्यांचा चेहरा उजळला. आयुष्यभर पोस्टातल्या योजनांवर समाधान मानणाऱ्या माणसाला एका मिनिटात शंभर टक्के परतावा मिळाला होता.

"आता दुसरा क्यूआर भेजता हूँ. साढे सात हजार डालो, पिन डालो, पैसा आपके खाते में."

इथे माझ्यातली कॅशियर जागी झाली. सदतीस वर्षांत माझ्या काउंटरवर नाना तऱ्हेचे लोक आले. चिल्लर पोत्यातून आणणारे आले, नोटा मिठाच्या बरणीतून काढून आणणारे आले. पण पैसे भरायला आलेल्या माणसानं विड्रॉवल स्लिपवर माझी सही मागितली, असं एकदाही झालं नव्हतं. पिन म्हणजे दुसरं काय? विड्रॉवल स्लिपवरची सहीच ती. आपल्या खात्यात जमा होताना आपली सही लागत नाही. नावे टाकताना लागते. बँकेत शिपाई म्हणून लागलेल्या पोराला हे पहिल्या आठवड्यात कळतं, आणि मी हेड कॅशियर, फोन हातात धरून दोन मिनिटं विचार करत होते! कारण समोर स्लिप नव्हती. काळे-पांढरे ठिपके होते आणि त्यामागे 'जय हिंद' होतं.

मी त्याला हिंदीत सांगितलं, "भाऊसाहेब, पैसे देणारे तुम, तो पिन तुम दाबो. हम क्यों दाबेंगे?" तो म्हणाला, "मॅडम, फौज पे भरोसा नहीं?" मी म्हटलं, "फौज पे है, तुम पे नहीं." त्यानंतर त्यानं जी भाषा वापरली ती कुठल्याही रेजिमेंटची असेल असं वाटत नाही. हे सावकाश खाली बसले.

पूर्वी असे लोक क्यूआरऐवजी सरळ पैशांची मागणी पाठवायचे आणि 'स्वीकारा' म्हणायचे. माणसानं माणसाकडे अशी मागणी पाठवायची सोय यूपीआयवर १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली. क्यूआरचा रस्ता अर्थातच उघडा आहे, कारण तो बंद केला तर चोराबरोबर भाजीवालीचंही दुकान बंद होईल.

प्रश्न उरला त्या पाच रुपयांचा. पाच गेले, दहा आले. म्हणजे चोराचे पाच रुपये आमच्याकडे जास्त. ह्यांचं मत, ही शौर्याची कमाई, हिचा चहा प्यावा. पण बँकेत दिवसअखेर रोकड जास्त भरली तर कॅशियर चहा पीत नाही. ती सस्पेन्स खात्याला टाकून मालकाची वाट बघतो. आणि हा मालक कोण? ते पाच रुपये त्या तोतयाचेही नसणार. त्याच सकाळी कुणीतरी फ्रिज किंवा पाळणा विकायला काढला असेल आणि दुसऱ्या क्यूआरवर पिन दाबली असेल. हे ध्यानात आल्यावर ह्यांचाही चहाचा विचार गळाला. मी पाचाचं एक नाणं औषधाच्या डबीत घातलं, डबीवर चिठ्ठी लावली 'सस्पेन्स', आणि त्या नंबराची तक्रार 'संचार साथी'च्या 'चक्षू'वर नोंदवली. आपले पैसे गेले नसतील, नुसता प्रयत्न झाला असेल, तर तिथे कळवायचं असतं. गेले असतील तर १९३० हा नंबर फिरवायचा, आणि तोही नातेवाइकांना सांगून रडून झाल्यावर नव्हे, तर ताबडतोब. म्हणजे पैसे पुढच्या खात्यात पळायच्या आत अडवता येण्याची शक्यता असते. वस्तुविक्रीचा कायदाही १९३० आणि फसवणुकीचा फोनही १९३०. परीक्षेसाठी केलेलं पाठांतर असं उतारवयात उपयोगी पडतं.

दुसऱ्या महाभागाची गोष्ट आखूड आहे. त्यानंही "साडेसात? चालेल" असं म्हटलं, तेव्हाच माझे कान उभे राहिले. पाच मिनिटांत मेसेज आला, की आपल्या खात्यात ७५,००० रुपये जमा झाले आहेत. मागोमाग त्याचा रडवेला फोन. एक शून्य जास्त पडलं, वडील दवाखान्यात आहेत, ६७,५०० तेवढे परत पाठवा. मेसेज बघितला. बँकेचे मेसेज अक्षरी नावानं येतात. हा दहा आकडी मोबाइल नंबरावरून आला होता. खातं उघडून पाहिलं. माझी पेन्शन होती, एफडीचं व्याज होतं, पंचाहत्तर हजार नव्हते. मी म्हटलं, "तुमच्या बँकेत अर्ज द्या, नियमानं उलटी नोंद होईल." वडिलांची तब्येत तात्काळ सुधारली असावी, कारण फोन पुन्हा आला नाही.

अशा माणसाला इतकी वर्षं आपण चारसोबीस म्हणत आलो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि फसवणुकीचं कलम झालं ३१८. पण "अगदी तीनशे अठरा माणूस आहे हो" असं म्हणून शिवीचं समाधान होत नाही. शिव्यांचं रीडेव्हलपमेंट इतक्या लवकर होत नसतं.

तिसरी मंडळी मात्र प्रत्यक्ष दारात आली, तीही टेम्पो घेऊन. तीन तरणीताठी मुलं. पायातले बूट बाहेर काढले, "काकू, पाणी मिळेल का?" म्हणाले. माझं अर्धं मन तिथेच गेलं. कपाट बघितलं न बघितल्यासारखं केलं. "साडेसात ना? डन."

पुन्हा डन! मी ह्यांना स्वयंपाकघरात बोलावून म्हटलं, "हेही घासाघीस करत नाहीत." हे म्हणाले, "आजकालची पिढी करत नाही. मॉलमध्ये वाढलेली मुलं आहेत." मला ते पटलं. आणि तसं बघितलं तर यात क्यूआर नव्हता, पिन नव्हती, पैसे तेच पाठवणार होते. "कपाट खाली उतरवून गाडीला लावतो, मग पेमेंट करतो," असं ते म्हणाल्यावर मी हो म्हटलं. लिफ्टमध्ये ते कपाट मावत नाही. हमालांनी तीन मजल्यांचे १,८०० सांगितले होते.

जे झालं ते बघण्यासारखं होतं. त्या पोरांनी कपाटाला दोर बांधला, आरशावर माझी जुनी चादर गुंडाळली, आणि प्रत्येक वळणावर "तिरकं घे", "माझा हात! माझा हात!" करत तीन मजले उतरवले. पाऊण तास लागला. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी त्यांना सरबत दिलं. भिंतीला एक ओरखडा नाही. घामानं निथळत त्यांनी कपाट पार्किंगमध्ये उभं केलं, आणि त्यातल्या लाल टीशर्टवाल्यानं फोन काढून माझा नंबर टाकला. टिंग! हिरवी खूण माझ्या डोळ्यांसमोर नाचवली. "गेले बघा, काकू. उचला रे."

"थांबा," मी म्हटलं. "मला आले नाहीत."

"सर्व्हर डाऊन असेल. येतील दोन तासांत."

"मग दोन तास बसू."

वॉचमनची प्लॅस्टिकची खुर्ची ओढली आणि कपाटाच्या दाराला पाठ लावून बसले. बँकेतली माणसं याला लिएन म्हणतात. त्याच १९३० च्या कायद्यात आहे, की पैसे मिळेपर्यंत विकणाऱ्याला माल अडवून ठेवता येतो. परीक्षेत या प्रश्नाला मला पैकीच्या पैकी होते. पण तो अधिकार पार्किंगमध्ये, गाऊनवर ओढणी घेऊन, खुर्चीत बसून बजावावा लागेल असं पुस्तकात म्हटलं नव्हतं.

"काकू, स्क्रीनशॉट आहे ना! बघा की नीट."

मी चष्मा लावला आणि बघितला नीट. नाव माझं, रक्कम बरोबर, हिरवा रंग हिरवा. खाली व्यवहाराचा नंबर होता. मी तो मोजला. पुन्हा मोजला. कॅशियर दोनदा मोजतो.

"हे अकराच आहेत," मी म्हटलं.

"काय अकरा?"

"आकडे. यूपीआयचा नंबर बारा आकडी असतो. तुमचा एक आकडा कमी आहे, आणि माझे साडेसात हजार."

तिघं एकमेकांकडे बघू लागली. पैसे न पाठवता गेल्याचं चित्र दाखवणारी खोटी ॲपं असतात, हे मला ऐकून ठाऊक होतं. कोपऱ्यावरच्या वडापाववाल्यानं त्याच्यासाठीच बोलका डबा घेतला. तो ओरडल्याशिवाय वडा कागदात जात नाही. पण मला धक्का बसला तो खोटेपणाचा नाही, आकडे मोजायच्या आळसाचा. अरे, फसवायचंच आहे तर बारा तरी मोजा! आमच्या काळचे खोट्या नोटा छापणारे वॉटरमार्कसाठी जीव टाकायचे. धाग्याचा रंग नोट तिरकी केल्यावर हिरव्याचा निळा होतो, तो साधण्यासाठी झटायचे. त्या कारागिरीची मला धास्ती होती आणि थोडा आदरही होता. ही पोरं अकरावर थांबली.

लाल टीशर्टवाला म्हणाला, "काकू, एटीएममधून कॅश आणतो." तिघंही टेम्पोत बसली. रोकड आणायला तिघं कशाला लागतात, हे मी विचारलं नाही. टेम्पो गेला तो गेलाच. दोरही इथेच राहिला. चांगला नायलॉनचा होता.

वर आल्यावर हे एकदम म्हणाले, "पण तसं बघितलं तर हमालीचे अठराशे वाचले की!" माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आमचं कपाट चोरांनी तीन मजले फुकट, बिनओरखड्याचं उतरवून दिलं होतं. सरबत दुसऱ्या मजल्याचं.

पुढचे आठ दिवस कपाट पार्किंगमध्ये राहिलं. वॉचमननं तिजोरीत डबा ठेवायला सुरुवात केली. सोसायटीच्या सेक्रेटरींनी लेखी नोटीस पाठवली, की सामाइक जागेत खासगी वस्तू ठेवल्याबद्दल खुलासा करावा. आणखी तीन महिन्यांनी जी बिल्डिंगच उरणार नाही, तिच्या सामाइक जागेबद्दल! मी खुलासा दिला: 'सदर कपाट चोरांनी खाली आणले असून ते परत घेऊन येतील अशी आशा नाही.' तो नोटीस बोर्डावर लागला.

नवव्या दिवशी धायरीहून एक आजी आल्या. नऊवारी, कपाळावर गोंदण, सोबत नातू. नातसुनेला कपाट हवं होतं. आजींनी बोटांच्या पेरांनी कपाट ठकठक वाजवलं. पोचा पहिल्या क्षणाला सापडला. "इथं तर फोटोत तुमचे मालक हुते न्हवं?" मग खाली वाकून तळावरून हात फिरवला आणि तांबडी बोटं माझ्यापुढे धरली. "ह्यो गंज हाय का कुंकू?" ड्रॉवर ओढला. उघडला नाही. माझ्याकडे एकदा बघितलं आणि लाथ मारली. उघडला. मला त्यांना मिठी माराविशी वाटली.

"तीन हजार," आजी म्हणाल्या.

"सात."

"गावाकडं एवढ्यात दोन येत्यात."

"गावाकडच्यात चोरकप्पा नसतो."

"चोरकप्पा काय करायचाय बाई, ठिवायला काय हाय?"

मी सहावर आले. आजी नातवाचा हात धरून फाटकापर्यंत गेल्या. मी जिन्याच्या दोन पायऱ्या चढले. दोघी परत आलो. मी हुकमाचा एक्का काढला. "आजी, तिसऱ्या मजल्यावरून खाली आणून ठेवलंय. तुमची हमाली वाचली. अठराशे होतात."

"कुणी आणलं?"

"चोरांनी."

सगळी हकिकत त्यांनी ऐकून घेतली, तोंडाला पदर लावून पोटभर हसल्या आणि म्हणाल्या, "मग हमाली चोरास्नी द्यायची, तुमास्नी कशापायी?"

५,१५० ला सौदा तुटला. वर त्यांनी ती प्लॅस्टिकची खुर्ची मागितली. खुर्ची वॉचमनची, त्यामुळे ती देता येईना. नायलॉनचा दोर घेऊन गेल्या. नातू म्हणाला, "आजी, यूपीआय करून टाकतो." आम्ही दोघी एकदम "नको" म्हणालो. आजींनी कनवटीची पिशवी सोडली, दहा पाचशेच्या, एक शंभराची, एक पन्नासाची. "मोजून घ्या, बाई. मागनं ऐकणार न्हाई." मी मोजल्या. अंगठ्याला नोटांची नक्षी लागत गेली आणि तो कुठेही थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी आजींचा फोन. किल्ल्या दोन असतात, तुम्ही एकच दिली. दोनशे परत करा. नातवानं क्यूआर पाठवला आहे. मी त्यांना सांगितलं, दुसरी किल्ली १९९२ पासून सापडत नाही आणि क्यूआर मी स्कॅन करत नाही. त्या शंभरावर आल्या आहेत. मी पन्नासवर आहे. फोन रोज येतो.

आता झोपाळा काढायचा आहे. सागवानी, पितळी कड्यांचा, चौघं बसतील असा, फारसा न वापरलेला. किंमत बारा हजार. वाचकांपैकी कुणाला हवा असेल तर जरूर या, पण बारा हजारांना लगेच हो म्हणणार असाल तर येऊ नका. येताना नोटा आणा, आणि एखादी खुर्चीही आणा. आमची झोपाळ्याबरोबर जाईल.